एलीझ एस-१, १९९८: ताकद वाढवण्याआधी काय काय तपासावे?

धुके

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९९८ सालची लोटस एलीझ ही हलकी, दोन आसनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. पहिल्या आवृत्तीतली, रोव्हरचे १७९६ सीसीचे के-सिरीज इंजिन असलेली. इंजिनाला आजवर कोणी हात लावलेला नाही, त्यामुळे कागदोपत्री ११८ अश्वशक्ती आहे तेवढीच. सुट्टीच्या दिवशी वळणावळणाच्या रस्त्यांवर भटकणे आणि अधूनमधून ट्रॅक डे (शर्यतीच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी चालवण्याचा दिवस), एवढाच तिचा वापर आहे.

आता थोडी ताकद वाढवावी असे मनात आहे. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा सोडणारी झडप) आणि वेगळा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) हा एक मार्ग दिसतो, तर होंडाचे के-२० इंजिन बसवणे हा दुसरा. मात्र त्याआधी तीन गोष्टी खटकतात. पहिली म्हणजे कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी काही आठवड्यांत किंचित खाली येते. तेलात पाणी उतरल्याची खूण मात्र नाही. दुसरी म्हणजे खडबडीत रस्त्यावर जोरात ब्रेक लावला की गाडीचा मागचा भाग स्वतःच्या मर्जीने थोडा वळल्यासारखा वाटतो, स्टिअरिंग सरळ धरले असले तरी. तिसरी म्हणजे तळाच्या पत्र्याला एका ठिकाणी पोचा आहे, बहुधा आधीच्या कोणीतरी जॅक भलत्याच जागी लावला असावा. हे सगळे कोणत्या क्रमाने हाती घ्यावे, आणि यातले काय घरच्या गॅरेजमध्ये करण्याजोगे आहे, याबद्दल अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

हेथेलकर

आपला पहिला मुद्दाच सगळ्यांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. के-सिरीजची पातळी घटते आहे असे म्हटले की ऐकणारा लगेच ‘हेड गॅस्केट गेले’ असे सांगून मोकळा होतो; म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे झाकणासारखे सिलिंडर हेड यांच्यामधला सील. तसे असेलही, पण त्याआधी इनटेक मॅनिफोल्डचे (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचे) गॅस्केट तपासावे. या इंजिनाच्या प्लॅस्टिकच्या मॅनिफोल्डमधून कूलंटही जाते, आणि त्याच्या रबरी सीलला वयाने कडकपणा आला की तिथून थेंब थेंब गळती सुरू होते. गळलेले कूलंट गरम ब्लॉकवर वाळून जाते, जमिनीवर डाग पडत नाही, आणि मालक महिनोन्‌महिने बुचकळ्यात राहतो. आरसा आणि बॅटरी घेऊन मॅनिफोल्डच्या खालच्या कडेला पाहावे; कूलंटच्या रंगाचा वाळलेला ओघळ दिसला तर निम्मे काम झाले. ते गॅस्केट स्वस्त आहे आणि ते बदलण्यासाठी हेड उघडावे लागत नाही.

त्याचबरोबर पुढच्या रेडिएटरच्या दोन्ही टोकांच्या प्लॅस्टिकच्या टाक्या जिथे ॲल्युमिनियमच्या गाभ्याला जोडलेल्या आहेत, ती कड पाहावी. तिथे बारीक तडे जातात, म्हणून पुष्कळ जण संपूर्ण ॲल्युमिनियमचा रेडिएटर बसवून घेतात. एक्स्पान्शन टाकीचे झाकण आणि नळ्यांच्या क्लिपा हे लहानसहान संशयितही तपासून टाकावेत. इंजिन थंड असताना टाकीवर प्रेशर टेस्टर लावून दाब टिकतो का ते पाहावे, आणि नंतर कूलंटमध्ये ज्वलनाचे वायू उतरतात का याची रासायनिक चाचणी करावी. या दोन चाचण्या झाल्याशिवाय हेडचा एकही बोल्ट सैल करू नये. तेलाच्या झाकणाखाली लोण्यासारखा थर दिसला तरी एकट्या त्यावरून निष्कर्ष काढू नये, कारण थंडीत छोट्या अंतरावर फिरवलेल्या चांगल्या इंजिनातही तो साचतो.

आता हेड गॅस्केटच जात असेल, तर ते का जाते हे समजून घेणे गरजेचे आहे. नाहीतर नवे गॅस्केटही त्याच वाटेने जाईल. या इंजिनात लांबच लांब बोल्ट हेडपासून ब्लॉकच्या आरपार जाऊन खालच्या तेलाच्या रेलमध्ये घट्ट होतात, म्हणजे अख्खे इंजिन जणू एकाच थरात आवळलेले असते. सिलिंडरचे लायनर (ज्यांत पिस्टन सरकतात त्या नळ्या) ब्लॉकमध्ये सुटे बसवलेले असतात आणि त्यांची वरची कड ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा किंचित वर, साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी, असावी लागते. एखादा लायनर खाली बसला की गॅस्केटवरचा दाब तिथे कमी पडतो. त्यात बराच काळ हेड आणि ब्लॉक यांना जागेवर ठेवणाऱ्या डॉवेल, म्हणजे छोट्या खुंट्या, प्लॅस्टिकच्या होत्या, त्यामुळे तापमानाच्या चढउतारात हेड ब्लॉकवर कणभर सरकत राहते आणि जुन्या पद्धतीच्या गॅस्केटवरची रबरी रेघ सुटून येते.

थर्मोस्टॅटची, म्हणजे तापमानानुसार पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेची, जागा हे तिसरे कारण. तो इंजिनातून पाणी बाहेर पडते त्या बाजूला नाही, तर पंपाकडे पाणी परत येते त्या बाजूला आहे. एलीझमध्ये रेडिएटर नाकात आणि इंजिन पाठीमागे असल्यामुळे लांब नळ्यांमध्ये भरपूर थंड पाणी थांबलेले असते. थर्मोस्टॅट उघडला की ते एकदम आत येते, थर्मोस्टॅट पुन्हा मिटतो, आणि धातूला गरम-थंड असे झटके बसत राहतात. आपल्या गाडीत तापमान मीटरवर अंकांत दिसते, त्याचा फायदा घ्यावा. इंजिन तापत असताना तो आकडा सावकाश चढून स्थिरावतो की वरखाली हेलकावे खातो, हे पाहण्यासारखे असते. रोव्हरने पुढे दाबाच्या फरकानेही उघडणारा थर्मोस्टॅट काढला होता, आणि तो एलीझमध्ये बसवलेले बरेच मालक आहेत.

हेड उघडण्याची वेळ आलीच, तर लायनर क्लॅम्पने दाबून ठेवल्याशिवाय क्रँक (पिस्टनांना जोडलेला मुख्य दांडा) अजिबात फिरवू नये, कारण लायनर हलला की त्याचे खालचे सील सुटते आणि मग पूर्ण इंजिन खोलावे लागते. लायनरची उंची डायल गेजने प्रत्येकाच्या चार बाजूंना मोजावी. हेड एकदा खूप तापलेले असेल तर त्याचा धातू मऊ पडतो आणि लायनरच्या कडा त्यात रुततात, म्हणून त्याचा कठीणपणा तपासून घ्यावा. नुसते घासून सपाट केलेले मऊ हेड परत बसवण्यात अर्थ नाही. डॉवेल पोलादी घालाव्यात. अनेक पदरी पोलादी गॅस्केट घालायचे असेल तर त्यासोबत खालची तेलाची रेलही मजबूत प्रकारची घ्यावी. बोल्ट ठरलेल्या क्रमाने आधी २० न्यूटन-मीटर, मग १८० अंश आणि पुन्हा १८० अंश असे आवळतात. शेवटचा अर्धा फेरा मनाला भीती घालतो, पण तो तसाच आहे. टाइमिंग बेल्ट आणि त्याच बेल्टवर चालणारा पाण्याचा पंप या खेपेलाच बदलून टाकावेत.

तेलकट हात

हेथेलकरांनी जे लिहिले त्यातल्या एकाही शब्दाशी माझा वाद नाही, पण क्रमाशी आहे. कूलंट किंचित घटणारी गाडी आपल्याला रस्त्याच्या कडेला उभी करील. मागचे चाक स्वतःहून वळणारी गाडी कुंपणात नेऊन घालील. धुके यांनी दुसऱ्या मुद्द्याचा निकाल लागेपर्यंत गाडी ट्रॅकवर नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एलीझच्या मागच्या चाकाला वरचे आणि खालचे असे दोन विशबोन (चाकाला गाडीशी जोडणारे त्रिकोणी हात) आहेत आणि चाकाची दिशा धरून ठेवणारा एक आडवा दांडा आहे, ज्याला आपण टो-लिंक म्हणतो. त्याच्या आतल्या टोकाच्या बॉल जॉइंटची खीळ सबफ्रेमला एकाच बाजूने आधार घेऊन बसवलेली आहे, त्यामुळे सगळा वाकवणारा जोर त्या एका जागेवर येतो. जॉइंट झिजला की ब्रेक लावताना ते चाक थोडे आत किंवा बाहेर वळते, आणि आपण वर्णन केलेला अनुभव नेमका तसाच आहे. चिकट रबराचे टायर लावून ट्रॅकवर वापरलेल्या गाड्यांमध्ये ही खीळ तुटल्याची उदाहरणे एलीझ बाळगणाऱ्यांमध्ये सर्वांना ठाऊक आहेत.

तपासणी सोपी आहे. गाडीचा मागचा भाग उचलून स्टँडवर ठेवावा, चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी दोन्ही हातांनी धरून झटके देत हलवावे आणि दुसऱ्या माणसाने आतल्या जॉइंटवर बोट ठेवून बसावे. डोळ्याला न दिसणारी हालचाल बोटाला टक्कन जाणवते. रबरी बूट फाटलेला असेल तर जॉइंट आज घट्ट असला तरी तो संपलेलाच समजावा, कारण हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाचे पाणी आत गेलेले असते. बदलताना खिळीला दोन्ही बाजूंनी आधार देणारा पट्टीसह संच घ्यावा. ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीसाठी मी याला चैन मानत नाही.

हे चालू असतानाच विशबोनचे बॉल जॉइंट, बुश आणि शॉक-अब्सॉर्बरचे खालचे बोल्ट पाहून घ्यावेत. पोलादी बोल्ट शॉक-अब्सॉर्बरच्या आतल्या नळीत गंजून असे काही बसतात की ते काढायला एक अख्खा दिवस जातो, म्हणून आदल्या रात्रीपासून गंज सोडवणारे तेल मारत राहावे. ही जोडणी झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घेताना आसनावर माणसाच्या वजनाएवढा भार ठेवायला सांगावा. सव्वासातशे किलोच्या गाडीत एक माणूस बसला की तिची जमिनीपासूनची उंची लक्षणीय बदलते, आणि रिकाम्या गाडीवर काढलेले आकडे चालवताना खरे राहत नाहीत. मागच्या चाकांना थोडा टो-इन (चाकांची पुढची कड किंचित आत वळलेली) आणि पुढची जवळजवळ समांतर, ही मूळ मांडणी रस्त्यासाठी उत्तम आहे.

टायरबद्दलही दोन शब्द लिहितो. पुढे १८५/५५ आर-१५ आणि मागे २०५/५० आर-१६ हा फरक लोटसने मुद्दाम ठेवलेला आहे, म्हणजे पकड सुटलीच तर आधी पुढून सुटावी. हौसेने पुढे रुंद टायर बसवणारे लोक तो आधार काढून घेतात आणि मग मागचा भाग चंचल झाल्याची तक्रार करतात. हवाही मोठ्या गाडीच्या सवयीने ३२ पीएसआय भरू नये. हँडबुकातले आकडे त्याहून बरेच खाली आहेत, आणि पुढच्या चाकांचा तर आणखी कमी.

ब्रेकच्या डिस्कला एकदा लोहचुंबक लावून पाहा. पहिल्या काही वर्षांतल्या गाड्यांना ॲल्युमिनियमच्या संमिश्र धातूच्या डिस्क होत्या, ज्या वजनाला अतिशय हलक्या आहेत पण त्यांना त्यांच्याच जातीचे पॅड लागतात. साधे पॅड त्यांचा पृष्ठभाग खरवडून काढतात. चुंबक चिकटला तर डिस्क बिडाच्या आहेत आणि पॅडची निवड मोकळी आहे. या गाडीच्या ब्रेकला सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारी यंत्रणा) नाही हे ध्यानात ठेवून थंड असतानाही धरणारे पॅड घ्यावेत. निव्वळ शर्यतीचे पॅड पहिल्या चौकातच घाम फोडतात.

धुके

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे तपासणी केली. मॅनिफोल्डच्या खालच्या कडेला वाळलेला ओघळ सापडला आणि रासायनिक चाचणीत कूलंटमध्ये वायू आढळला नाही, त्यामुळे हेड तूर्त बंदच ठेवतो आहे. डाव्या टो-लिंकच्या आतल्या जॉइंटमध्ये मात्र स्पष्ट ढिलाई आहे. दोन्ही बाजूंचे संच मागवले आहेत. डिस्कला चुंबक चिकटला.

ही कामे झाली असे धरून चालू. मग ताकदीचे काय करावे? आणि तळाच्या पोच्याबद्दल अजून कोणी काही लिहिलेले नाही.

सातवाला

माझ्याकडे एलीझ नाही, कॅटरहॅम सेव्हन ही तशीच हलकी स्पोर्ट्स कार आहे, पण इंजिन हेच आहे आणि ते दोन वेगवेगळ्या अवस्थांमध्ये चालवलेले आहे, म्हणून लिहितो.

आधी साधा हिशेब मांडू. ७२५ किलोच्या गाडीत ११८ अश्वशक्ती म्हणजे टनामागे सुमारे १६३. यातून २५ किलो कमी केले तर हा आकडा १६९ च्या आसपास जातो. तोच आकडा इंजिनातून मिळवायचा तर जेमतेम ४ अश्वशक्ती पुरतात. म्हणजे निव्वळ सरळ रेषेतल्या वेगासाठी वजन कमी करणे हा फार मोठा सौदा नाही, हे आमच्या हलक्या गाड्यांच्या भक्तांनी कबूल करायला हवे. पण ती ४ अश्वशक्ती वळणात शिरताना किंवा ब्रेक लावताना काही उपयोगाची नाही, आणि ते २५ किलो तिथेही कमीच असतात. शिवाय ते कुठून कमी होतात यालाही महत्त्व आहे. एलीझचा मूळ सायलेन्सर मागच्या चाकांच्याही मागे लटकतो. तो हलका केला की वळणात मागचा भाग बाहेर ओढणारा भार घटतो. बॅटरी हलकी घेणे ही दुसरी सोपी जागा. चाके हलकी असतील तर स्प्रिंगखालचे वजन घटते आणि खडबडीत रस्त्यावर टायर जमिनीला अधिक चिकटून राहतो, पण स्वस्त आणि हलकी ही जोडी चाकांच्या बाबतीत संशयास्पद मानावी.

इंजिनाकडे वळू. मूळ प्लॅस्टिकची ४८ मिलिमीटरची थ्रॉटल बॉडी वयाने अडकू लागते, म्हणून तिच्या जागी ५२ मिलिमीटरची धातूची बसवणे हा बदल देखभालीच्या खात्यात टाकता येतो. त्याने आकडा फारसा वाढत नाही, पण पेडलची चाल स्वच्छ होते. त्यापुढे जायचे तर कॅमशाफ्ट, पोर्ट मोकळे केलेले हेड आणि चांगला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड ही एकत्र विचार करण्याची गोष्ट आहे, कारण त्यातले एकच केले तर दुसरा अडसर तसाच राहतो. आपल्या सालच्या गाडीतला रोव्हरचा मूळ इसीयू (इंजिन चालवणारा संगणक) नव्या कॅमशाफ्टसाठी सहज बदलून घेता येत नाही, म्हणून स्वतंत्र इसीयू आणि रोलिंग रोडवर (जागच्या जागी चाके फिरवून ताकद मोजणाऱ्या रोलरवर) केलेले ट्यूनिंग यांचा खर्च पहिल्या दिवसापासून गृहीत धरावा. स्वतंत्र थ्रॉटल बॉडींचा आवाज मोहात पाडतो हे खरे, पण रोजच्या रस्त्यावर कमी आरपीएमला त्या किती सभ्य वागतात हे सर्वस्वी ट्यूनिंग करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते.

ताकद वाढवण्याआधी तेलाचा विचार करावा, असा माझा आग्रह आहे. चिकट टायरवर लांब वळण घेताना सम्पमधले (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यातले) तेल एका बाजूला चढते, पंपाची नळी हवा ओढते आणि बेअरिंग क्षणभर कोरडी राहतात. सेव्हनमध्ये सम्प फारच उथळ असल्यामुळे कॅटरहॅमने या इंजिनासोबत अपोलो नावाची टाकी दिली, जिच्यात तेल गोल फिरून त्यातली हवा वेगळी होते. एलीझला इतके टोक गाठावे लागत नाही. सम्पमध्ये आडपडदे असलेला संच बसवावा आणि ट्रॅकवर जाताना तेल डिपस्टिकच्या वरच्या खुणेला ठेवावे. वर्षभरात एकही लांब वळण न घेणाऱ्या गाडीला यातले काही नको.

होंडाच्या इंजिनाबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. ते इंजिन उत्कृष्ट आहे, पण के-सिरीजपेक्षा जड आहे आणि ते जड वजन आधीच मागे झुकलेल्या गाडीत मागे जाते. त्या गाड्या चालवून पाहिल्या आहेत; सरळ रस्त्यावर अफाट, पण पुढचे टोक बोटांशी जे बोलते ते थोडे अबोल होते. आपल्याला एलीझ का आवडली होती, हे स्वतःला विचारून मग निर्णय घ्यावा.

हेथेलकर

सातवाला यांच्या होंडाविरोधात थोडी भर आणि थोडी दुरुस्ती करतो. नागरी वापराच्या सिव्हिक टाइप-आर मधले के-२० इंजिन मूळ अवस्थेतच २०० अश्वशक्तीच्या आसपास देते आणि हेड न उघडता वर्षानुवर्षे चालते. के-सिरीजमधून विश्वासाने १९० च्या पुढे जायचे ठरवले तर आतले जवळजवळ सगळेच बदलावे लागते, आणि तिथे होंडाचा हिशेब सरस ठरतो. १५० ते १६० वर समाधान असेल, तर रोव्हरचे इंजिन ठेवावे. धुके यांनी आधी स्वतःचा आकडा ठरवावा. त्याशिवाय या वादाला अंत नाही.

इंजिन बदलले तर डीव्हीएलएला (ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याला) कळवून व्ही-५-सी या नोंदणीपत्रामध्ये इंजिनाचा क्रमांक आणि क्षमता दुरुस्त करून घ्यावी लागते, आणि विमा कंपनीला प्रत्येक बदल लेखी कळवावा. कॅमशाफ्ट बाहेरून दिसत नाही म्हणून तो सांगायचा नाही, असा सल्ला देणाऱ्याचे ऐकू नये. १९९८ च्या गाडीला एमओटी या वार्षिक वाहन तपासणीमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले प्रदूषण कमी करणारा भाग) असलाच पाहिजे, तेव्हा ट्रॅकसाठी तो काढून नळी घालणाऱ्यांनी परत बसवण्याची सोय ठेवावी. ट्रॅकवर आवाजाची मर्यादाही मोजतात, आणि हलका सायलेन्सर घेताना ते आधी पाहावे.

आता पोचा. एलीझची चासी ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या एपॉक्सीने चिकटवून आणि भट्टीत पक्की करून बनवलेली आहे; तिचे वजन माणसाएवढेच, सुमारे ६८ किलो. चिकट जोडाची कड सोलून निघू नये म्हणून तिथे धातूचे फास्टनरही आहेत. त्यामुळे दोन गोष्टी वेगळ्या काढाव्यात. पोचा नुसत्या तळाच्या पत्र्याला असेल, म्हणजे जाड कडेच्या पट्ट्यांपासून दूर सपाट भागात, तर तो बहुतेक वेळा दिसायला वाईट एवढाच असतो. तो ठोकून सरळ करण्याच्या फंदात पडू नये. पण पोचा पट्टीच्या कडेला लागून असेल, तिथली एपॉक्सीची रेघ तडकलेली किंवा पांढरी पडलेली दिसत असेल, किंवा एखादा फास्टनर हलत असेल, तर लोटसची चासी ओळखणाऱ्या तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय गाडी चालवू नये. कोणीही वेल्डिंग करून देतो म्हणाला तर गाडी तिथून काढून आणावी, कारण उष्णतेने आजूबाजूचा चिकट जोड निकामी होतो.

पाहताना खालचे आवरण काढून टाका, पत्रा पाण्याने स्वच्छ धुवा आणि तिरप्या प्रकाशात बॅटरी धरा. सरळ प्रकाशात एपॉक्सीतला केसाएवढा तडा दिसत नाही. छायाचित्रे इथे टाकलीत तर आम्हालाही मत देता येईल. आणि यापुढे जॅक फक्त हँडबुकात दाखवलेल्या जागी, मध्ये रबराची जाड चकती ठेवून लावावा.